एक रवला

मालवणातली निम्मी घरं नलूकाकीला नाकाने पाठ होती. मसाल्याच्या पिशवीचं तोंड उघडायचं, पदर बाजूला सारून नाक आत घालायचं, एक लांब श्वास घ्यायचा आणि क्षणभर डोळे मिटायचे, एवढाच तिचा विधी. त्या जागी तुम्हा-आम्हाला शिंकांवर शिंका आल्या असत्या. काकीच्या तोंडून मात्र दोनपैकी एक वाक्य यायचं. सगळं जागच्या जागी असेल तर "सगळा आसा," आणि बटण दाबलं जायचं. बाई काही विसरली असेल तर "एक रवला." म्हणजे एक राहिलं. काय राहिलं ते काकी कधीच सांगायची नाही. जिची पिशवी तिने आठवायचं. आठवत नसेल तर घरी जाऊन यायचं, मग घर चौक्याला असो की तारकर्लीला.

वायरीच्या वाटेवर काकीचं मसाल्याचं कांडप होतं, म्हणजे विजेच्या मुसळांनी मसाला कुटून द्यायची गिरणी. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत एक लांब बाक आणि आतल्या खोलीच्या दाराला जाड पडदा. चैत्र-वैशाखात आमच्याकडची प्रत्येक घरवाली वर्षाचा मसाला करते. मिरच्यांना उन्हं दाखवायची, बाकीच्या जिनसा एकेक करून भाजायच्या, आणि पाऊस यायच्या आत सगळं कुटून डबे भरून ठेवायचे. नारळ, मासे, कोकम सगळ्यांचे तेच, पण मसाला ज्याचा त्याचा. कोणती मिरची किती, धणे किती, बडीशेप किती आणि त्यात आणखी काय, हे सासू सुनेला सांगते, आणि तेही सूनबाई नीट नांदायला लागल्यावर. लेकीला सांगत नाहीत, कारण लेक दुसऱ्याच्या घरी जाणार. एवढं गुपित एका परक्या बाईच्या यंत्रात ओतायचं म्हणजे तिच्यावर केवढा भरवसा हवा! तो भरवसा काकीने कसा कमावला ते सांगायला हा लेख लिहितोय. सांगायचा अधिकार मला कितपत आहे ते तुम्ही पुढे ठरवा.

कारण मी धंद्याने मार्केटिंगवाला. कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत मसाल्याची एक कंपनी आहे, तिथे नोकरी करतो. ग्राहकाशी नातं, ग्राहकाचा विश्वास हे शब्द आमच्याकडे सकाळच्या चहाबरोबर येतात आणि संध्याकाळी कपबशांबरोबर धुतले जातात. पुण्याहून आलेल्या आमच्या साहेबांच्या डोक्यात एकदा आलं, की अस्सल मालवणी घरांतले पाच नामी मसाले शोधायचे, मानधन देऊन प्रमाण घ्यायचं आणि पाकिटात भरायचं. त्या घरांचा पत्ता काकीकडे, आणि काकीचा पत्ता माझ्याकडे. मी टाय लावून गेलो होतो. वैशाखात, मिरचीच्या कांडपावर, टाय.

"खयचो रे तू?" काकीने विचारलं. बुटकी, सावळी, कोपरापर्यंत लाल झालेले हात, नाकावर एक जुना ओढणीचा तुकडा बांधलेला, तो बोलण्यापुरता खाली ओढलेला. मी गाव सांगितलं, कट्ट्याच्या अलीकडचं. "कोणाचो झील?" मी आईचं नाव सांगितलं. काकीचे डोळे हसले.

"म्हणजे तू तिचो! बस, बस. काय काम काढलंस?"

मी काम सांगितलं. कंपनीचं नाव, मानधन, पाकिटावर घराचा फोटो छापू वगैरे. काकीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरा. मगे पयलो तुझ्या आवशीचोच मसालो सांगू तुझ्या सायबाक?"

मी हसत म्हटलं, "सांगा की!"

"आवशीक विचारलंस?"

विचारलं नव्हतं. तिथल्या तिथे फोन लावला. आईने पूर्ण ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "नलूक तू ह्या विचारलंस? मेल्या, लाज नाय वाटली? माझ्या सासयेचो मसालो तो! तुझ्या बापाशीक सुद्धा म्हायत नाय!" फोन कानापासून लांब धरला तरी पडवीतल्या चार बायकांना ऐकू जात होतं. त्या पदरात तोंड घालून हसत होत्या.

"काय म्हणाली?" काकीने साळसूदपणे विचारलं.

"नको म्हणाली."

"मगे बस भायर. च्या घेवन जा, कंपनी."

तेव्हापासून मी तिच्यासाठी कंपनी झालो. माझं नाव तिने शेवटपर्यंत विचारलं नाही.

साहेबांनी पिच्छा सोडला नाही म्हणून मी जात राहिलो, आणि पुढे कोणी न पाठवता जाऊ लागलो. जसजसा जात राहिलो तसतशी काकीची रीत ध्यानात आली. आत एका वेळी एकच बाई. बाकीच्यांनी पडवीतल्या बाकावर बसायचं, आणि पिशव्यांवर फडकं टाकलेलं हवं. एकीची पिशवी उघडी दिसली की काकी आतूनच ओरडायची, "झाक गो ती!" एका घरचा मसाला कुटून झाला की माडाच्या हिरांच्या छोट्या वाढवणीने ती यंत्र आतून झाडायची. कोपऱ्यातली, मुसळांच्या बुडाची भुकटी काढून त्याच बाईच्या डब्यात घालायची. कांडपवाल्यांबद्दल लोकांचा मोठा संशय असतो तो याच भुकटीपायी. प्रत्येकाचा मूठमूठ मसाला मागे ठेवायचा आणि तो साठवून विकायचा, असं कुठे कुठे चालतं म्हणतात. काकीच्या झाडूतूनही वाचलेली धूळ जमिनीवर उरायचीच. ती रोज संध्याकाळी परसातल्या माडाच्या आळ्यात जायची.

आणि नाक. त्या नाकाची काळजी ती गाणारा गळ्याची घेतो तशी घ्यायची. मोसमात चहात आलं नाही, केसांना वासाचं तेल नाही, कांडपात उदबत्ती नाही, गणपतीच्या तसबिरीलासुद्धा नाही. "तो काय रागावणा नाय, तेचा नाक माझ्यापेक्षा मोठा," म्हणायची. तिच्या घरचं जेवण इतकं मिळमिळीत, की सबंध गावाचं तिखट कुटणारी बाई स्वतः पेज आणि उकडलेली पालेभाजी खाऊन राहते हे कोणाला पटलं नसतं. पण तिला खरोखर जड जायचं ते फूल. काकीला फुलांचं वेड. थंडीत अबोलीशिवाय ती दिसायची नाही. मार्गशीर्षातल्या जत्रेत दोन-दोन वळेसर माळून फिरायची. मोसम लागला की केस मोकळे. ऐन वैशाखात पडवीतल्या बायकांच्या डोक्यात मोगरी घमघमायची आणि काकी म्हणायची, "तुमी माळा गो. मी पावसात माळतलंय." पावसात कुठली मोगरी?

काकीला सगळ्यांची प्रमाणं पाठ आहेत हे बायकांना कळलं ते तिच्याच एका चुकीमुळे. ही गोष्ट आईने सांगितलेली. एका दिवशी दोन बायकांचे डबे अगदी सारखे आले, एकाच दुकानातले, लग्नात आहेर म्हणून आलेले. गडबडीत काकीने अदलाबदल केली. संध्याकाळी जेवायला बसली, हात तोंडाशी नेला आणि तशीच उठली. शेवटचा डबा झाकण लावून ज्या घरी दिला त्या घरचा वास बोटांना यायला हवा होता आणि येत होता त्याच्या आधीच्या घरचा, म्हणजे शेवटचा म्हणून दिलेला डबा आधीच्या बाईचा. रिक्षा करून ती देऊळवाड्यात गेली. तिथे त्याच मसाल्याची बांगड्याची आमटी होऊन गेली होती आणि यजमान बोटं चाटत विचारत होते, आज आमटीला काय झालंय म्हणून. काकीने चूक सांगितली, डबा उचलला. बाई मागे लागली, एवढं तरी सांग की कोणाचा. काकीने नाही सांगितलं. तिथून दुसऱ्या घरी गेली, तिथलाही डबा बदलला, आणि आमटीत गेलेला दोन पळ्या मसाला स्वतः जिनसा आणून, भाजून, कुटून तिसऱ्या दिवशी या दुसऱ्या घरी नेऊन दिला. ती बाई वास घेऊन मटकन खालीच बसली. तिने तर प्रमाण कधी सांगितलंच नव्हतं.

"तुका सगळा म्हायत आसा?"

"आसा."

"कधीपासना?"

"तुझी सासू येय तेव्हापासना."

बाईने मनाशी हिशेब घातला असणार. पंधराएक वर्षं ही आपलं गुपित जाणते आणि आपल्याला सुद्धा त्याचा वास लागू दिला नाही! पुढच्या वैशाखात ती आपल्या दोन जावांनाही घेऊन आली. देऊळवाड्यातले ते यजमान मात्र पुढे दोन-तीन वर्षं काही ना काही निमित्त काढून पडवीत येऊन बसायचे आणि प्रत्येक पिशवीजवळून मुद्दाम हळूहळू चालायचे म्हणे.

आता माझी चूक. ती सांगायला मला अजून संकोच वाटतो. साहेबांचा तगादा वाढला होता आणि माझी वरची जागा त्यावर अडली होती. एका संध्याकाळी काकी केर भरताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, याचं काय करता? "माडाक घालतंय. वाळवी लागणा नाय." मी म्हटलं, आमच्याकडेही माडांना वाळवी आहे. काकी म्हणाली, "व्हयो तर ने." मी आठवडाभराचा केर डब्यात भरून कुडाळला नेला. चाळला, निवडला, तज्ज्ञाकडून त्यातल्या जिनसा ओळखून घेतल्या, आणि कंपनीत त्याबरहुकूम नमुना तयार झाला. शंभर घरांचा मसाला एकात! साहेबांनी पाकिटावरचं नावसुद्धा ठरवलं, 'साऱ्या मालवणचा मसाला'. मला ते इतकं आवडलं, की नमुना घेऊन मी काकीकडेच गेलो. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

काकीने पुडी उघडली. वास घेतला. पुन्हा घेतला. मी तिच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी बघितली.

"ह्यो कोणाच्याच घरचो नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "माडाक म्हणान नेलंस मा?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पुडी नीट बांधून माझ्या हातात दिली.

"भायर बस. हाक मारल्याशिवाय भुतूर येव नको."

ती हाक यायला तीन वैशाख गेले. साहेबांचा मसाला बाजारात आला आणि वर्षभरात गेलाही. लोकांनी एकदा घेतला, पुन्हा घेतला नाही. का ते कोणालाच सांगता येईना. मला सांगता येत होतं, पण मीटिंगमध्ये मी गप्प राहिलो. आईची पिशवी घेऊन मी दरवर्षी काकीकडे यायचो. पिशवी आत जायची, मी बाकावर.

त्या बाकावर बसूनच मी वैशालीचं प्रकरण पाहिलं.

मालवणात माईंची खानावळ नावाजलेली. पाट्यांवर जाहिरात नाही, दारात मासे मांडून ठेवणं नाही, तरी माणसं रांग लावून उभी. मुंबईहून आलेला चाकरमानी घरी जायच्या आधी माईंकडे जेवायचा. समुद्रात बुड्या मारायला येणारे पुण्याचे पोरगेही तिथेच. माई स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या नाहीत, पण आमटीच्या पहिल्या घासाला माणूस समजायचा, की माई आत आहेत. एका मार्गशीर्षात त्या दोन दिवसांच्या तापाने गेल्या. सून वैशाली, आरोंद्याची, लग्नाला सहा वर्षं झालेली. मिरच्या वाळवणं, भाजणं सगळं तिच्या हातचं होतं. फक्त एक पुरचुंडी माई आत काय काय घालून स्वतः बांधायच्या आणि स्वतः पिशवीत टाकायच्या. सांगेन सांगेन म्हणत होत्या, ते राहून गेलं.

डब्यातला मसाला चैत्रात संपला. वैशालीने अंदाजाने थोडा मिक्सरवर करून पाहिला. पंधरा दिवसांत जेवणारे ताट अर्धं टाकून उठू लागले. मोबाइलवर लोक तारे देतात ना हल्ली, त्यांत लिहून येऊ लागलं: आता पूर्वीसारखं राहिलं नाही. नवरा होडीवर, घरात दोन मुलं, खानावळीवर सगळं चाललेलं. वैशाखात ती काकीकडे आली ती पिशवी न घेता. पडद्याआड गेली खरी, पण तिचा आवाज कसला राहतोय आत.

"काकी, तुमका सगळा म्हायत आसा. एकदाच सांगा. लिवन देव नकात, नुसता सांगा. मी कोणाक सांगूचंय नाय. खानावळ बंद पडतली ओ!"

पडवीतले आम्ही सगळे पडद्याकडे कान लावून पुढे सरकलो.

"तुझ्या सासयेन माका म्हटल्यान, नलू, ह्या तुझ्या पोटात रवांदे," काकीचा आवाज आला. "आता सांग म्हणूक ती काय परत येवची नाय."

"मी तिची सूनच आसंय मा?"

"आसंस. पण तिना सांगूक नाय तुका. मी कशी सांगू?"

वैशाली रडत बाहेर आली आणि कोणाकडे न बघता निघून गेली. मला काकीचा भयंकर राग आला. माझ्या केराची गोष्ट निराळी, मी लबाडी केली होती. ही पोर तर पोटासाठी मागत होती. सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? मी तसं बोललोसुद्धा, मोठ्याने. तेव्हा शेजारी बसलेली एक म्हातारी, फडक्याखालची पिशवी पोटाशी धरून, हळूच म्हणाली, "तसा नाय रे झिला. आज तिका सांगितल्यान तर उद्या माझो पण सांगतली." बाकीच्या बायकांचे हात आपापल्या पिशव्यांवर घट्ट झालेले मला दिसले. काकीलाही ते पडद्याच्या फटीतून दिसलं असणार.

त्या दिवशी काकीने दुपारपर्यंत दोनच पिशव्या कुटल्या आणि दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी आईची पिशवी घेऊन पुन्हा गेलो तेव्हा वैशाली बाकावर होती. काकीनेच निरोप पाठवला होता: पिशवी घेऊन ये, आठवेल ते सगळं घाल.

ती आत गेली. नाक पिशवीत गेल्याचं आम्हाला शांततेवरूनच कळलं.

"चार रवली," काकी म्हणाली.

वैशालीला आधी समजलंच नाही. आम्हाला सगळ्यांना समजलं. म्हातारी तर ताडकन उठून पडद्यापाशी गेली. "गो नलू, ह्या सांगितल्यासारख्याच झाला मा?"

काकी पडदा सारून बाहेर आली. "माझ्या तोंडातसून एका तरी जिनसाचा नाव ऐकलंस?"

"नाय."

"तू इसारतंस तेव्हा तुका काय म्हणतंय?"

"एक रवला म्हणतंस."

"मगे? तिका येगळा काय म्हटलंय? ती चार इसारली."

म्हातारीलाच हसू फुटलं, आणि सगळा बाक हसला. "बरा, बरा. बस गो बाय," ती वैशालीला म्हणाली, "माझो नंबर तू घे."

पुढचे आठ दिवस वैशालीने बाजार आणि कांडप यांच्यात एवढ्या खेपा घातल्या, की दुकानदाराने तिच्यासाठी जिनसांच्या पुड्या आधीच बांधून ठेवायला सुरुवात केली. ती एक जिन्नस भाजून आणायची, काकी नाक घालायची. चुकीचं असलं तर पिशवी नुसती परत सरकवायची. बरोबर असलं तर आकडा उतरायचा. तीन रवली. दोन रवली. पाचव्या दिवशी आतून "एक रवला" ऐकू आलं तेव्हा पडवीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही वाजवाव्याशा वाटल्या, पण मी शिक्षेवर होतो.

ते एक मात्र सापडलं नाही. तिने दुकानातलं होतं नव्हतं ते सगळं आणून पाहिलं. माईंच्या जुन्या डब्यांचे तळ हुंगले. सावंतवाडीच्या एका जुन्या दुकानापर्यंत जाऊन आली. पिशवी परत सरकतच राहिली. आठव्या दिवशी समुद्राच्या बाजूने आभाळ काळं झालं. कुटायचा तर आज, नाहीतर मिरच्या नरम पडून सगळं वाया. वैशाली आली ती माहेरी आरोंद्याला जाऊन. लेकीला सांगत नाहीत, तरी आईने स्वतःच्या मसाल्यातली एक वस्तू तिच्या हातावर ठेवली होती आणि ती तिने पिशवीत टाकली होती. ती कोणती ते मला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी इथे लिहिलं नसतं. तेवढं मी शिकलोय.

काकीने वास घेतला. या वेळी जरा जास्तच वेळ.

"एक रवला," ती म्हणाली.

"रवांदे, काकी," वैशाली म्हणाली. आवाज थकलेला होता, पण रडका नव्हता. "पावस इलो. ह्योच कुटा."

यंत्र सुरू झालं.

ते वर्ष खानावळीला कठीण गेलं. जुनी माणसं एक घास घ्यायची, थांबायची, वैशालीकडे बघायची आणि काही न बोलता जेवायची. माईंसारखं नाही, हे तिला रोज ताटाताटांतून सांगितलं जात होतं. तिने कोणाला खोटं सांगितलं नाही, माईंचाच मसाला आहे असं एकदाही म्हणाली नाही. कोणी विचारलंच तर "सासवेचो नाय, माझो," एवढंच. दुसऱ्या वर्षी माणसं पुन्हा येऊ लागली. आणखी दोन वर्षांनी लोक 'माईंकडे' ऐवजी 'वैशालीकडे' म्हणू लागले. मी कंपनीत याचा उपयोग करायचा प्रयत्न केला. पाकिटावर 'घरची चव' छापायचं चाललं होतं, ते हट्टाने काढायला लावलं. साहेब म्हणाले, मग छापू काय? मी म्हटलं, कुडाळात केला आहे असं छापा, तेवढं खरं आहे. त्यांनी ते छापलं, आणि मला अजून नोकरीवर ठेवलंय.

दर वैशाखात वैशाली पिशवी घेऊन यायची. काकी नाक घालून म्हणायची, "एक रवला," आणि वैशाली म्हणायची, "रवांदे." दोघी हसायच्या, यंत्र सुरू व्हायचं. बाकावरच्या बायका आता हे ऐकायला थांबायच्या. काकीचं "एक रवला" म्हणणं थट्टेचं नव्हतं मात्र. माईंच्या पिशवीशी ती अजून इमान राखून होती, आणि वैशालीलाही ते ठाऊक होतं. एकदा मी वैशालीला विचारलं, वाईट नाही का वाटत? ती म्हणाली, "वाटता. तितक्यान तरी माई आसत असा पण वाटता."

मला आत यायची हाक आली ती या मधल्याच एका वैशाखात. काकी नुसती म्हणाली, "कंपनी, गोणी उचल," आणि मी उचलली. तीन वर्षांची शिक्षा संपली हे मला घरी गेल्यावर उमगलं.

गेल्या वैशाखात काकीने कांडप बंद केलं. इतक्या वर्षांची मिरची छातीत बसली होती. रात्रंदिवस खोकला. डॉक्टरने आता नाही म्हणून सांगितलं, आणि तिचा मुलगा तिला गोव्याला आपल्या घरी घेऊन जाणार होता. शेवटच्या दिवशी बायकांची रीघ लागली होती. मी पिशव्या उचलायला आत होतो. सगळ्यांत शेवटी वैशाली आली. काकीने पिशवी मांडीवर घेतली, पदर सारला, नाक आत घातलं. डोळे मिटले. वैशाली हसऱ्या तोंडाने उभी होती, ओठांवर 'रवांदे' तयार.

काकीने डोळे उघडले.

"सगळा आसा," ती म्हणाली.

वैशालीचं हसू तसंच राहिलं आणि त्यातूनच डोळे भरून आले. ती काहीतरी बोलणार होती, पण काकीने बटण दाबलं आणि त्या धडधडीत काही ऐकू येण्यासारखं राहिलं नाही. वैशाली माझ्याकडे वळून कानाशी येऊन म्हणाली, "दादा, पिशयेत नवा काय्येक नाय ओ. गेल्या वर्सासारख्याच सगळा." मी मान हलवली. मलाही रडू आलं होतं, आणि सोय अशी, की कांडपात कोणाच्याही डोळ्यांतून पाणी आलं तरी कोणी विचारत नाही.

कुटून झालं. काकीने हिरांची वाढवण घेतली, यंत्र कोपऱ्याकोपऱ्यातून झाडलं आणि भुकटीचा शेवटचा कण वैशालीच्या डब्यात उतरवला. मग वैशालीने पडवीत ठेवलेली दुसरी पिशवी आणून तिच्यातून केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मोगरीचा वळेसर होता, चांगला हातभर. काकी त्याच्याकडे बघतच राहिली. वैशाखात, कांडपाच्या आत, मोगरी! तिने नाकावरचा फडक्याचा तुकडा सोडला, हात पुसले आणि आज्ञाधारक मुलीसारखी मान खाली घातली. वैशालीने तिच्या विरळ अंबाड्यावर वळेसर माळला. मिरचीच्या त्या धुरळ्यात मोगरीचा वास माझ्यासारख्याच्या नाकालासुद्धा आला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काकी, आता तरी सांगा. ते राहिलेलं एक काय होतं हो?"

काकीने वळेसरावरून एकदा हात फिरवला. वर न बघता ती वाढवण दोरीने बांधू लागली.

"भायर बस, कंपनी," ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन बाकावर बसलो.